गाणं थांबलं तर उतरावं लागेल

डोंगर सुंदर दिसायचा असेल, तर त्यावर राहणारी माणसं योग्य अंतरावर असावी लागतात. आमच्या रेल्वेने हे अंतर साठ मीटर ठरवलं आहे. त्याहून जवळ आली की माणसं देखावा राहत नाहीत. काहीतरी मागू लागतात.

मी या गाडीवर एकोणीस वर्षं गाडीप्रमुख आहे. पूर्वी याच रुळांवरून बटाट्याची पोती, मेंढ्या आणि माझे नातेवाईक जात. आता गाडीला काचेचं छप्पर आहे, टेबलांवर पांढरी कापडं अंथरलेली आहेत. ही प्रगतीच म्हणायची. (मेंढ्यांनी काच चाटली असती. नातेवाईकांचंही खात्रीने सांगता येत नाही.)

खिंडीखालच्या वस्तीत बेनेदिक्ता राहते. लोकरीसाठी अल्पाकांचा कळप राखते. कागदोपत्री ती ‘देखावा-सहायक, श्रेणी दोन’. कर्तव्य: गाडी दिसताच कळपासह उभं राहणं आणि हात हलवणं. हसू ऐच्छिक, प्लॅस्टिकची बादली निषिद्ध. आठ वर्षांत तिने एकदाही दांडी मारली नव्हती.

त्या मंगळवारी कळप एकटाच उभा होता. मी नोंदवहीत ‘देखावा अपुरा’ असा शेरा मारला.

वर खिंडीत फोटोंसाठी दहा मिनिटांचा थांबा असतो. तिथे बेनेदिक्ता भेटली. शेजारी गाढव आणि गाढवावर घोंगडीत गुंडाळलेला तिचा नवरा, एउसेबियो. दोन दिवस पोटात दुखत होतं. आता पोट फळीसारखं कडक झालेलं, चेहरा राखेच्या रंगाचा. शिक्षकांच्या संपामुळे रस्त्यावर दगड टाकलेले होते, बस बंद होती.

“पापाय,” ती मला म्हणाली (आमच्याकडे वडीलधाऱ्याला असंच म्हणतात), “याला खाली इस्पितळात न्यायचंय. आत घ्या.”

पाहुणचार अधिकारी ग्रिसेल्दा पुढे झाली. ती राजधानीहून आलेली. नियमपुस्तिका तिला तोंडपाठ. “बाई, ही पर्यटकांची गाडी आहे. शिवाय तुम्ही साठ मीटरच्या आत आला आहात.”

“आठ वर्षं तुमच्या गाडीला हात हलवतेय मी. आज काय, गाडीने मला हात हलवून निघून जायचं?”

तेवढ्यात तीन प्रवाशांनी गाढवाचे फोटो घेतले.

नियमानुसार गाडीत तिघांनाच प्रवेश आहे: तिकीटधारक, कर्मचारी आणि कलाकार. रोज डब्यात नाचणारी आमची ‘इंका राजकन्या’ त्या दिवशी विरळ हवा लागून ऑक्सिजनच्या नळकांड्याला मिठी मारून पडली होती. (ती समुद्रकाठची.)

“राजकन्येची जागा रिकामी आहे,” मी ग्रिसेल्दाला म्हणालो. “स्थानिक कलाकार, तात्पुरता. असा फॉर्म आहे आपल्याकडे.”

“आणि नवरा?”

“रंगमंच-साहित्य.”

तिने लिहिलं: ‘साहित्य, नग एक.’ मग ती बेनेदिक्ताला म्हणाली, “पण कार्यक्रम चालू आहे तोवरच तुम्ही कलाकार. मुख्यालयात कॅमेऱ्यावर बघतात. गाणं थांबलं तर पुढच्या थांब्यावर उतरावं लागेल.”

पुढच्या थांब्यावर एक पाण्याची टाकी आहे. बाकी काही नाही.

इस्पितळाचं गाव पावणेतीन तासांवर होतं. बेनेदिक्ता गाऊ लागली. क्वेचुआत, म्हणजे आमच्या डोंगरी भाषेत, संथ सुरात. शब्द साधारण असे: “मेल्या, दुखतंय म्हणून परवाच सांगायला काय झालं होतं? लोकर आता कोण कातरणार, तुझी आई? हा लाल टोपीवाला बघ, तुझ्या डोक्याशी बसून अख्खा मासा खातोय. डोळे मिटू नकोस. मिटलेस तर बघ.” एउसेबियो अधूनमधून कण्हत होता, तो बराचसा तालात. लाल टोपीवाल्या प्रवाशाच्या डोळ्यांत पाणी आलं. टाळ्या पडल्या.

पाण्याच्या टाकीच्या अलीकडे तिचा आवाज फाटला. ओठ हलत होते, पण काही ऐकू येत नव्हतं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, पण मला सूर नाही आणि भीतीने तर शब्दही नव्हते.

तेवढ्यात मागून कुणीतरी पुढची ओळ उचलली. “डोळे मिटू नकोस, मिटलेस तर बघ.” ती ग्रिसेल्दा होती. तिच्या नोकरीच्या अर्जात ‘क्वेचुआ: येत नाही’ असं लिहिलेलं आहे. उच्चार मात्र थेट माझ्या आजीचे. गाडी टाकीपाशी थांबली आणि निघाली. कुणी उतरलं नाही. मग दोघी आळीपाळीने गायल्या.

मी फोन केला होता, त्यामुळे फलाटावर रुग्णवाहिका तयार होती. अपेंडिक्स फुटलेलं होतं. आणखी तासभर उशीर झाला असता तर हाती काही लागलं नसतं, असं डॉक्टर म्हणाले. एउसेबियो वाचला.

त्या दिवशी सेहेचाळीस अभिप्राय आले. चव्वेचाळीस ‘अविस्मरणीय’. एकाने गाण्याची ध्वनिफीत कुठे मिळेल असं विचारलं. एकाची तक्रार होती की साहित्य वाटेत ठेवलं होतं. व्यवस्थापनाने कार्यक्रम कायम करायचं ठरवलं आणि बेनेदिक्ताला कळवलं: दर मंगळवारी, सोबत एक योग्य आजारी माणूस, शक्यतो पारंपरिक पोशाखात. तिचं उत्तर फॉर्मच्या रकान्यात बसण्यासारखं नव्हतं.

त्या आजारी माणसाचं पुढे काय झालं, हे सेहेचाळिसांपैकी एकानेही विचारलं नाही. तुम्ही तसे नाही. एउसेबियोसाठी तुमचा जीव खालीवर होत होता, हे मला दिसत होतं. म्हणून न विचारताच सांगून टाकतो: खिंडीनंतरचं बर्फाचं शिखर डाव्या खिडकीतून दिसतं. तिकीट काढताना डावी बाजू मागा.