ओट्यावरचा आकडा, चुलीपुढचा आकडा

कळस गावच्या महिपतीला घर बांधायचं होतं आणि त्याआधी घराला किती लागतं ते कळून घ्यायचं होतं. घराची घाई सिंधुबाईला, आकड्याची महिपतीला. जुन्या घरात चूल आणि अंथरूण एकाच खोलीत. धुराला जायला वाट म्हणजे दार. सिंधुबाई बारमाही खोकत असे. तिनं नवऱ्याला बजावलं होतं, "औंदा सैपाकघर न्हाय झालं, तर मी माहेरी जाऊन रांधीन. तुमी तितं येऊन जेवत जावा."

महिपतीची धास्ती वेगळी होती. गुळाच्या विक्रीची पट्टी नुकतीच बारामतीहून हातात पडली होती खरी, पण गावात दोघांच्या घराच्या भिंती छपराची वाट बघत उभ्या होत्या. आत तरवडाची झुडपं माजली होती आणि त्या दोघांना आता कुणी नावानं हाक मारत नव्हतं, बिनछपराचे म्हणत. पक्का आकडा कळल्याशिवाय कुदळ मारायची नाही असं ठरवून तो वरकुट्याला साडूकडं गेला. गेणबानं गेल्याच साली तीन खोल्यांचं पत्र्याचं घर काढलं होतं.

गेणबा ओट्यावर बसला होता. शेजारी वाटणी घेऊन वेगळा झालेला त्याचा भाऊ रावजी. पाण्याचा तांब्या खाली ठेवायच्या आत महिपतीनं खर्च विचारला.

"चार हजाराला गेलो, पाव्हणं," गेणबा सुस्कारा टाकून म्हणाला. "आता इख खायालाबी पैसा न्हाय."

रावजी मान हलवत उठला आणि निघून गेला. महिपतीची भूकच मेली. पट्टीत दोन हजारांच्या वर फारसं काही नव्हतं.

आत ताटावर बसल्यावर मुक्ताबाईनं, म्हणजे मेहुणीनं, भाकरी वाढता वाढता दाजींना धीर दिला. "आमच्यांनी दोन हजारात उठवलं बगा. लई हिशेबी मानूस." हिशेबी माणूस खाली मान घालून जेवत होता.

पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवायची रीत. वेशीबाहेर महिपतीनं साडूला आडवा घेतला. गेणबानं मागंपुढं बघून आपलं शास्त्र सांगितलं. भावाला नेहमी जास्त सांगावं, म्हणजे तो बैलासाठी उसने मागत नाही. बायकोला नेहमी कमी सांगावं, म्हणजे घराला निघतात तर माझ्या पाटल्यांना का नाही, हे ऐकावं लागत नाही.

"ते कळलं. पन खरं किती?"

गेणबा बोटं मोजायला लागला आणि मधेच थांबला. "वरीसभर ज्याला त्याला येगळंच सांगतोय, पाव्हणं. आता माजं मलाच ध्येनात न्हाय."

महिपती आला तसाच परतला. घरापुढं धाकटा भाऊ अप्पा बसलेला. हाही वाटणी घेतलेला, शेजारीच राहणारा. साडू किती म्हणतोय, असं त्यानं विचारलं आणि महिपतीच्या तोंडून विचार करायच्या आत निघून गेलं, "चार हजार." अप्पा उठून गेला. औषध लागू पडलं म्हणून महिपती खुशीत आत शिरला, तर तोच प्रश्न धुरातून आला. "दोन हजार," त्यानं सांगितलं. सिंधुबाईनं दिवेलागणीच्या आत रामहरी गवंड्याला सांगावा धाडला.

सकाळी रामहरी दोरी ताणत होता, सिंधुबाई दारात उभी होती, तेवढ्यात अप्पा आला. त्याच्या धोतराच्या सोग्यात पैशांचं गाठोडं होतं.

"दादा, चार हजार तू एकटा कुठनं आननार? छपराविना भिंती ऱ्हायल्या, तर नाव आपल्या बाचंच जायाचं. त्या चारातलं दोन हजार माजं. घर दोगांचं काडू, मदली भिंत सामाईक. आमच्यातबी धुराचं त्येच हाय."

महिपतीनं तोंड उघडलं. चार खोटे म्हणावेत, तर समोर भाऊ. खरे म्हणावेत, तर दारात बायको. हे दोघं एकाच जागी भेटले तर काय करायचं, ते गेणबानं सांगितलं नव्हतं. महिपतीनं तोंड मिटलं.

सिंधुबाई त्याच्याकडं रोखून बघत होती. ओठातल्या ओठात तिनं काहीतरी जुळवलं आणि तिचा चेहरा निवळला.

"चारातनं भावजींचं दोन गेलं की आपलं दोनच ऱ्हात्यात. म्हंजे काल तुमी त्यांचा वाटा धरूनच मला सांगितलं व्हय? मग तसं बोलायचं की."

महिपतीनं मान डोलावली. दुसरं काही करण्यासारखं उरलं नव्हतं. रामहरीनं दोरी दुप्पट लांब ताणली.

मिरगाच्या आत घर उठलं. दोन सैपाकघरं, दोन धुराडी, सामाईक भिंत. खर्च बरोबर चार हजार आला, कारण रामहरीनं तो आकडा स्वतःच्या कानांनी ऐकला होता. सिंधुबाईचा खोकला गेला. मोकळ्या झालेल्या गळ्यानं ती पाणवठ्यावर सांगू लागली, की आमच्यांनी भावाला चार सांगितलं आणि मला दोन. चाराला पै चढली न्हाय आणि दोनाला पै उतरली न्हाय.

मग आसपासच्या गावांतून लोक घराचा अंदाज विचारायला महिपतीकडं येऊ लागले. महिपती डोळे मिटून घेई, जागेची लांबी-रुंदी सारी ऐकून घेई आणि एकच विचारी, "भाऊ किती हायत?"

लोकांना वाटे, कामाला घरची माणसं किती मिळतील ते बघतोय.