लोळ्याचा उपयोग

कमजोर गड्याकडून काम कसं काढून घ्यावं, हे मला विचारा. पहिलवान घेऊन तर कोणीही जिंकतो, त्यात काय डोकं लागतं? मरतुकड्याला पुढे उभं करून जिंकणं ही खरी कला. आणि ही कला अख्ख्या आर्वी तालुक्यात फक्त माझ्याकडे आहे, असं मी या दिवाळीच्या तोंडापर्यंत समजून होतो.

मी आणि प्रेमदास आर्वीबाहेरच्या एका जिनिंगमध्ये वजनकाट्यावर असतो. कापसाचा ट्रॅक्टर आला की भरलेला तोलायचा, खाली झाला की पुन्हा तोलायचा. मधल्या वेळात आम्ही पत्ते कुटायचो. मग एक दिवस मालकांनी, म्हणजे भैय्याजींनी, पत्त्यांवर बंदी घातली. पण बंदी होती बावन्न पत्त्यांवर. राक्षसांच्या पत्त्यांबद्दल ते काही बोलले नव्हते.

हे राक्षस समोरच्या आनंदाबाईंच्या ठेल्यावर लहान पोरांच्या कुरकुरीत छल्ल्यांच्या पुड्यातून निघायचे. पुड्यात एक पत्ता, पत्त्यावर एक राक्षस, खाली त्याची ताकद. महिनाभरात आम्ही दोन मिशाळ बाप्यांनी इतके छल्ले खाल्ले की आनंदाबाईंनी एकदा काळजीनं विचारलं, "घरी जेवाले देत नाईत काय रे तुमाले?"

खेळ अगदी सोपा. दोघांनी पाच-पाच पत्ते घ्यायचे, एकेक समोरासमोर टाकायचा, ज्याची ताकद कमी तो मेला. ज्याचे सगळे मेले तो हरला. आणि डाव संपायच्या आत जो जागेवरून उठला, तोही हरला. हा शेवटचा नियम खास प्रेमदाससाठी होता, कारण हरायची वेळ आली की त्याला हमखास बाहेर जायची घाई व्हायची.

तर या राक्षसांमध्ये एक होता लोळ्या. बाकीच्यांची ताकद सातशे, आठशे, नऊशे. लोळ्याची पाच! रूप म्हणाल तर पावसात भिजलेल्या गादीसारखं. आणि पुडा फोडला की निघायचा मात्र हाच. आम्ही तो कान कोरायला वापरायचो.

अशात दिवाळी जवळ आली. हंगाम भरात, त्यामुळे भाऊबीजेला काट्यावर एक जण हवाच. सुट्टी एकालाच. मागच्या दोन्ही वर्षी ती प्रेमदासला गेली होती आणि ज्योत्स्ना, म्हणजे माझी बायको, पवनारला भावाकडे एकटी गेली होती. तिथे तिला येणाराजाणारा विचारायचा, जावाई काऊन नाही आले? यंदा तिनं पोळी लाटता लाटता शांतपणे सांगितलं, "तुमी येत असान तर जातो. नाईतर मी बी नाई जात. राहू द्या भावाले बसलेलं पाटावर."

ज्योत्स्ना ओरडली असती तर मला चाललं असतं. ती शांत बोलली की मला जेवण जात नाही.

भैय्याजींकडे गेलो. ते म्हणाले, तुमचं तुम्ही ठरवा. आम्ही राक्षसांवर ठरवायचं ठरवलं. घरी येऊन मी ज्योत्स्नाला सांगून टाकलं की भाऊबीजेची सुट्टी मी पत्त्यावर जिंकून आणतो. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि भाजी वाढली.

माझा बेत असा होता. लहानपणी गल्लीत खेळताना सगळ्यात चिल्लं पोर असायचं ते कच्चा लिंबू. त्याला खेळात घ्यायचं, पण बाद करायचं नाही. अख्ख्या महाराष्ट्राला हा कायदा मान्य आहे. मग राक्षसांमध्ये सगळ्यात चिल्ला कोण? लोळ्या. म्हणजे लोळ्या कच्चा लिंबू. म्हणजे लोळ्या मरूच शकत नाही. पाचही लोळ्या घेऊन बसलो तर मी हरणार कसा? आणि प्रेमदास पडला तापट. कंटाळून कधीतरी उठेलच, उठला की हरला.

फक्त हे त्याला सुचायच्या आत त्याच्याकडचे लोळ्या काढून घ्यायला हवे होते. मी अदलाबदली सुरू केली. माझा नऊशेचा ज्वालासुर दिला, दोन लोळ्या घेतले. आठशेचा वज्रदंत दिला, तीन घेतले. असं करत करत माझी सगळी फौज त्याच्याकडे आणि सगळी भिजलेली गादी माझ्याकडे आली. प्रेमदासनं शेवटी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. मला त्याची कीव येत होती.

डावाच्या दिवशी दुपारचे डबे खाऊन बसलो. त्यानं ज्वालासुर टाकला. मी लोळ्या टाकला.

"मेला," प्रेमदास म्हणाला.

"मरत नाई तो. कच्चा लिंबू हाय."

प्रेमदासचं तोंड जे उघडलं ते मिटेना. त्यानं बसल्या जागेवरूनच भैय्याजींना हाका मारल्या. मी घाबरलो, पण नशीब पाहा. भैय्याजींनी लोळ्या हातात घेतला, बराच वेळ न्याहाळला, आणि त्यांचा आवाजच बदलला. लहानपणी गल्लीत पोरं त्यांनाच कच्चा लिंबू ठेवायची, असं कळलं. त्यांनी निकाल दिला, "लहान जीव हाय. याले मारू नका."

मी मनातल्या मनात पवनारला पोचलो. पाटावर बसलो, करंजी उचलली.

प्रेमदासनं दुसरा राक्षस टाकला. लोळ्या मेला नाही. तिसरा टाकला. तरी नाही. मग माझ्या लक्षात आलं की त्याचेही मरत नाहीयेत. पाच ताकदीनं मरणार कोण? लोळ्या मरत नाही एवढंच मी पाहिलं होतं, तो मारत नाही हे पाहायचं राहूनच गेलं होतं. आता भरवसा फक्त प्रेमदासच्या तापटपणावर. आणि त्या दिवशी तो गोठ्यातल्या म्हशीसारखा पसरून बसला.

काट्यावर ट्रॅक्टर येऊन लागले. एक, मग दुसरा, मग रांग पार रस्त्यापर्यंत. भैय्याजी म्हणाले, उठा. आम्ही म्हटलं, जो उठला त्याची सुट्टी गेली. रांगेतले कास्तकार खाली उतरून आमच्याभोवती जमले. एक म्हणाला, कच्च्या लिंबाला तीनदा जीवदान, चौथ्यांदा बाद. दुसरा म्हणाला, तुमच्या गावात असंन, आमच्या गावात त्याच्या मोठ्या भावाला बाद करतात. दोघांची जुंपली. कापूस राहिला बाजूला.

तेवढ्यात सुलोचनाबाई आल्या. दहा एकर कापसाच्या मालकीणबाई, यांच्या ट्रॅक्टरला थांबायची सवय नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "बाबू, तू लहानपणी खेळलाच नाई काय?"

"खेळलो ना, काकू."

"मंग कच्चा लिंबू बाद होत नाई, हे बरोबर. पण गडी मोजतानी त्याले धरते काय कोणी?"

रांगेतली डोकी एकदम हलू लागली. नाई धरत, नाई धरत.

"मंग याचे लिंबू सोडून बाकीचे किती हायत ते मोजा, अन् उठा. माहे मजूर बसून राह्यले."

प्रेमदासचे मोजले, पाच. पाचही एके काळचे माझेच. ज्वालासुर तर माझ्याकडे असा पाहत होता, जशी विकलेली गाय जुन्या मालकाकडे पाहते. मग माझे मोजायला घेतले. मोजायला काही नव्हतंच.

भैय्याजींनी प्रेमदासला सुट्टी दिली आणि मला म्हणाले, "ओमप्रकाश, काटा लाव." सुलोचनाबाईंचा ट्रॅक्टर मी मान खाली घालूनच तोलला.

संध्याकाळी घरी गेलो ते चपला न वाजवता. ज्योत्स्ना पुडाची वडी तळत होती. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं की हरलो, सुट्टी गेली, यंदाही भाऊबीजेला मी काट्यावर.

"माहीत होतं," ती म्हणाली. "तुमी ज्या दिवशी म्हटलं ना का सुट्टी पत्त्यावर जिंकून आणतो, त्याच दिवशी मी दादाले फोन करून सांगतलं, का तूच ये बाप्पा इकडं. तो येऊन राह्यला."

मला इतकं बरं वाटलं की मी कढईतली वडी सरळ हातानं उचलली आणि चटका बसल्यावरही हसत राहिलो. म्हटलं, म्हणजे ओवाळून घ्यायला पवनारहून इतक्या लांब येणार? केवढं ते प्रेम!

"कापसाचा ट्रॅक्टर बी आणून राह्यला," ज्योत्स्ना झाऱ्यानं वडी परतत म्हणाली. "मी सांगतलं त्याले, जावाई नक्की हरते म्हून. तवा म्हणे, बरंच झालं. काट्यावर आपला माणूस असन."