शांतवन मास्तरांचा मोसम

शांतवन मास्तर एकदा वाजवलेली चीज पुन्हा वाजवत नसत. आग्रह करा, हातापाया पडा, नाही म्हणजे नाही. "शिळं वाढायचं नाही," एवढं बोलून ते व्हायोलिनला गवसणी घालत आणि त्या चिजेचे कागद घरी नेऊन बायकोला फडताळात अंथरायला देत. त्यांच्या घरातले डाळी-साळीचे डबे कैक वर्षांच्या संगीतावर उभे होते.

ही सोनईतली गोष्ट, बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीची. मी शाळेत गणित शिकवायचो, ते चित्रकला. लहानपणी मिशनच्या वसतिगृहात कुणा पाद्रीसाहेबांनी त्यांच्या हाती व्हायोलिन दिलं, ते कायमचंच. दिवाळी झाली की त्यांचा 'मोसम' लागायचा. आम्हाला मोसम ठाऊक तो उसाचा. यांचा म्हणजे चार रविवार, चर्चच्या मागची खोली, दुपारचे चार, आणि चारी वेळा तीन-तीन कोऱ्या करकरीत रचना, त्यांनी स्वतः बांधलेल्या. वाजवणारे आम्ही तिघे: व्हायोलिनवर ते, पेटीवर मी आणि क्लॅरिनेटवर घोडेगावचा किसन, जो एरवी लग्नाच्या बँडात वाजवायचा.

मी यात कसा सापडलो? भजनात पेटी धरायचो, हा माझा गुन्हा. एकदा मधल्या सुटीत मास्तरांनी मला गाठून विचारलं, "कदम, तुम्हाला काही नवं वाजवायची भूक नाही का?" मला भूक होती डब्याची, पण भिडेपोटी 'आहे' म्हणून बसलो आणि सात वर्षं अडकलो.

रचनांना नाव नसे. सायक्लोस्टाइल केलेल्या कागदावर नुसतं 'नवी रचना, सदतिसावी' असं छापलेलं. श्रोते दहा-बारा. त्यातले हेडमास्तर सदतिसावीला झोपत ते एकूणचाळिसावीला उठत. टाळीचाही कायदा होता. नवी चीज कुठे संपते हे लोकांना कळणार कसं? म्हणून आधी पुढच्या खुर्चीवरच्या एस्तेरबाईंनी, म्हणजे मास्तरांच्या मंडळींनी, टाळी वाजवायची, मग बाकीच्यांनी. बाई लोकरीचं विणकाम घेऊन बसत. वाजवणं चालू असेपर्यंत त्यांच्या सुया ठेक्यात चालत. बाई बोलायला मोठ्या गोड; फक्त त्यांच्याशी जरा मोठ्यानं बोलावं लागे.

हे सगळं मी सोसलं असतं. पण रचना दर वर्षी आणखी खाली उतरत चालल्या होत्या. पहिल्या मोसमाला माझा हात सगळ्या पेटीवर फिरायचा. सातव्या मोसमाला उजवीकडच्या पट्ट्यांवर धूळ बसली. मी कुरकुर केली की मास्तर म्हणत, "खालीच बरं आहे, कदम. वर काय ठेवलंय?"

किसनचा तर जीवच वरच्या सुरात. नवरदेव मांडवाच्या दारात घोड्यावरून उतरताना तो जी तान वर न्यायचा, तिच्यासाठी पार तिसगावचे लोक त्याचा बँड ठरवायचे. तो मास्तरांकडे आला होता नवं शिकायच्या हौसेनं, आणि इथे त्याला तळघरात कोंडल्यासारखं झालं होतं. दुसरा रविवार पार पडल्यावर त्यानं सांगूनच टाकलं.

"मास्तर, ह्ये काय मयताचं वाजवनं हाय का? फुडच्या रविवारी माझी मान्सं येनार हायेत बाजारातली. मला एकडाव वर जाऊ द्या. न्हाईतर मी काय आता यायचा न्हाई."

मास्तरांचा चेहरा उतरला. किसनसारखा वाजवणारा पंचक्रोशीत दुसरा नव्हता. त्या आठवड्यात त्यांनी डबा उघडलाच नाही. "दोघांचा काही मोसम होत नाही, कदम," असं दोनदा म्हणाले, आणि शनिवारी किसनला म्हणाले, "जा वर. पण लवकर खाली ये बाबा."

रविवारी किसनची माणसं, म्हशींचे चार दलाल, पटके बांधून, पाय दुमडून पहिल्या रांगेत खुर्च्यांवर बसले. शेवटची, एक्याऐंशीवी रचना सुरू झाली. मधे आम्ही दोघं थांबलो, किसन उठून उभा राहिला, डोळे मिटले आणि जो वर गेला म्हणता. खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात बाईंनी सुया थांबवल्या, मान वर केली आणि हसून टाळी वाजवली. कायद्याप्रमाणे सगळ्यांनी वाजवली. दलालांनी तर शीळच घातली. किसनला वाटलं आपल्या तानेलाच दाद मिळतेय. गडी आणखी वर चढला. त्यानं डोळे उघडले तर समोर बाई लोकर गुंडाळून उठलेल्या, त्याच्याकडे पाठ करून चहा ठेवायला निघालेल्या. त्याची तान तिथेच विरली. मास्तरांनी घाईघाईनं व्हायोलिनची सगळ्यात जाड तार छेडली, तशा बाई दारातून वळल्या. "अजून आहे होय?" म्हणाल्या आणि ओशाळून परत येऊन बसल्या.

लोक गेल्यावर मास्तर आम्हा दोघांना चिंचेखाली घेऊन गेले. "तिला वरचे सूर ऐकू येत नाहीत," ते म्हणाले. "आधी अगदी वरचे गेले. दर वर्षी थोडे थोडे जातात. मागच्या मोसमातलं यंदा तिच्या कानाला निम्मं लागत नाही. म्हणून नवं करतो, जरा खाली. तिला वाटतं, वय झालं म्हणून मला खालचं आवडायला लागलंय. वाटू दे. तुम्ही काही बोलू नका."

सात वर्षं मी या माणसाला मनातल्या मनात चक्रम म्हणत आलो होतो. त्या वेळी फार वाईट वाटलं. किसन चहा न घेताच सायकल काढून गेला. गेला हातचा, मी म्हटलं.

बुधवारी शेवटच्या रविवारची तालीम होती. मी आणि मास्तर अर्धा तास बसून राहिलो. मास्तर कागद आवरू लागले तेवढ्यात दारात सायकल लागली. कॅरिअरला बँडातला थोरला पितळी भोंगा सुतळीनं बांधलेला.

"ह्यो आमच्यात कुनी घेत न्हाई," किसन गाठी सोडत म्हणाला. "ह्यो घेतला का मागं उभं ऱ्हावं लागतं, कुनी बगत बी न्हाई. पन खाली लई जातो. बाईंस्नी चालंल का?"

"आणि क्लॅरिनेट?" मी विचारलं.

"ते हाय की वरातीला."

मास्तर रुमाल काढून चष्मा पुसत राहिले. किसननं गाल फुगवून पहिला सूर भरला. खिडकीची तावदानं हलली, माझी पेटी थरथरली. अंगणापलीकडच्या घरातून एस्तेरबाई लगबगीनं आल्या, हाताला पीठ तसंच. खोलीभर पाहून विचारलं, "किसन, तू होय? अरे, चुलीपर्यंत आलं मला."

किसनचं तोंड भोंग्याला लागलेलं. त्यानं मान हलवली आणि तो आणखी खाली गेला.