न पिकणारी फणी

दहा दिवसांचं प्रशिक्षण आटोपून दीपमाला पुण्याहून जळगावला परतली. लेकीला कडेवर घेतलं, पोटभर हुंगलं आणि कोनाड्यात पाहिलं. केळीच्या दोन्ही फण्या गायब.

एका फणीवर तिने नुसतं पाणी फवारलं होतं. दुसरीवर आरएनएचे चिमुकले तुकडे: केळं पिकवणाऱ्या जनुकाचा निरोप वाटेतच अडवणारे, आणि लगेच विरून जाऊ नयेत म्हणून रसायनाने पक्के केलेले. प्रयोगशाळेत उंदीर फार, म्हणून फण्या घरी. सोमवारी तिचे मार्गदर्शक सर बघणार होते. निकाल नाही तर संशोधनाचा विषय रद्द, असं त्यांनी बजावलं होतं.

"आई, फण्या?"

"धुळ्याची कमलबाई आली होती. एक तिच्या ओटीत घातली," सासूबाई भिकुबाई म्हणाल्या. "हिरवी दिली. पिवळी बसमध्ये दबते."

"खाऊ नका म्हणून चिठ्ठी बांधली होती ना?"

"ओटीत कोणी चिठ्ठी घालतं का? काढून टाकली."

दीपमालाने कमलबाईंना फोन लावला. "मावशी, केळी खाल्ली नाहीत ना?"

"खासू कशी? दगड शेतस दगड. शेजारनी सकीनाले दी टाक्यात."

सकीनाने ती दोन दिवस तांदळात पुरली, कंटाळली आणि दोंडाईच्याला बहिणीकडे, अफरीनकडे धाडली.

"भाजीच करतेय," अफरीन फोनवर म्हणाली. "चाकू हातात आहे."

"खाली ठेव. मी येते."

रविवारी फणी मांडीवर घेऊन दीपमाला बसने परतली. बारा दिवस उलटले तरी हिरवीगार.

सोमवारी सरांनी केळी दाबून पाहिली, खूश झाले. मग म्हणाले, "आणि साधी फणी? तुलना कशाशी?"

दीपमालाला फोटो आठवला. भिकुबाईंनी पाचव्या दिवशी पाठवलेला: लेकीच्या नाकापासून हनुवटीपर्यंत शिकरण, मागे ताटात उरलेली पिवळी केळी. पुण्यात तिने तो चाळीसदा पाहिला होता. केळी एकदाही दिसली नव्हती. तिने तो सरांपुढे धरला.

सरांनी खात्रीसाठी भिकुबाईंना फोन केला.

"सांगते की," त्या म्हणाल्या. "पण आधी कमलबाईला सांगा, मी कच्ची फणी ओटीत घालणारी बाई नाही. गावभर करतेय ती."

सरांनी मुकाट्याने धुळ्याला फोन लावला. "ताई, दोष फणीचा नाही. औषधामुळे पिकली नाही. सोबतची साधी फणी तुम्ही आलात त्याच दिवशी पिवळीधमक होती."



"म्हंजे पिकेल फणी घरमा व्हती, तरी माले कच्ची दिन्ही?" कमलबाई म्हणाल्या. "भिकुबाईले फोन द्या."