तात्यांची तांब्याची तार

माझ्या दुकानात आलेली प्रत्येक वस्तू तात्या आधी जाळून बघतात. सगळी नाही, एक कोपरा. तांब्याची तार दिव्यावर लाल करायची, वस्तूला टेकवायची, पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली की निकाल लागतो, "क्लोरीन हाय. जळलं की इषारी धूर व्हतो. मशीनीत जायचं न्हाई." एकदा लग्नपत्रिकेचा कोपरा जाळला, त्यावर नेमकं नवरदेवाच्या मामाचं नाव होतं. पत्रिका घेऊन मामाच आले होते.

धारूरच्या बाजारात माझं लेझर कटिंगचं दुकान आहे. मशीन आलं आणि चार व्हिडिओ बघून मी स्वतःला इंजिनिअर समजायला लागलो. तात्या शाळेच्या प्रयोगशाळेतून शिपाई म्हणून निवृत्त झालेले, मागच्या गल्लीत राहणारे. दुकान उघडल्यापासून दिवा, तार आणि पाण्याची बादली घेऊन रोज हजर. मशीन चालू असताना मी मोबाईल काढला की सुरू, "जाळ तिकडं अन् डोळे हिकडं! वा रे वा!" फुकटच्या चहासाठी येतात, अशी माझी पक्की खात्री होती.

मागच्या महिन्यात तात्या त्यांच्या बायकोला, म्हणजे काकूंना घेऊन अंबाजोगाईच्या दवाखान्यात गेले होते. तेवढ्यात एक कार्यकर्ता पुढाऱ्याचा फोटो छापलेला प्लास्टिकचा जाड बोर्ड घेऊन आला. चेहरा कडेकडेनं कापून हवा होता, तोही तासाभरात. गुरुजी रजेवर गेल्यासारखा मला आनंद झाला. बोर्ड मशीनीत घातला. नाकापर्यंत कापून झालं आणि घसा जळायला लागला, डोळ्यांना धारा लागल्या. पण माझ्यातला इंजिनिअर म्हणाला, पंखा चालू आहे, पाइप मागं काढलाय, धूर बाहेर जातोय. मग काळजी कसली?

एवढ्यात तात्या नाकाला गमछा लावून धावत आले. बटण बंद केलं, मला दंडाला धरून मागच्या गल्लीत नेलं.

"बघ बे, तुझा धूर कुठं जातोय."

पाइपाच्या तोंडासमोर पाच हातांवर त्यांची खिडकी. दवाखान्यातून नुकत्याच परतलेल्या काकू खाटेवर वाकून बसल्या होत्या. हातात दम्याचा पंप, छाती भात्यासारखी हलत होती. आम्ही दोघांनी त्यांना धरून पुढच्या ओट्यावर आणलं. श्वास सुरळीत व्हायला अर्धा तास गेला. तेवढ्या वेळात माझ्यातला इंजिनिअर मेला.

"तात्या, आधी कावून सांगितलं न्हाई?"

"तुझं नवं दुकान. पह्यल्याच दिशी तक्रार करावी का? हीच म्हणली, पोरगं चांगलं हाय, तुमी जाऊन बसा फकस्त."

माझी मान वर होईना. दुसऱ्याच दिवशी पाइप छपराच्या वर नेला. पण तात्या यायचे थांबले. तीन दिवस त्यांची खुर्ची रिकामी. आपण माणूस तोडला, असं वाटून मला चहा गोड लागेना.

चौथ्या दिवशी एक गिऱ्हाईक छापील ओळखपत्रं घेऊन आलं. दवाखान्यात जाण्याआधी तात्यांनी ठेवलेला दिवा आणि तार दुकानातच होती. मी तार लाल केली, एका ओळखपत्राच्या कोपऱ्याला टेकवली आणि पुन्हा ज्योतीत धरली. मग गिऱ्हाइकाला परत पाठवलं आणि मागच्या गल्लीत गेलो. खिडकी उघडी होती. तात्या काकूंची वेणी घालत होते.

"कोणता रंग आला?" त्यांनी मागं न बघताच विचारलं.

"हिरवा."

"मंग?"

"परत पाठवलं."

त्यांनी वेणीचा शेवटचा पेड घातला.

"चहा टाक," तात्या म्हणाले, "हिला बी घिऊन येतो."