मल्हारभाऊंची राखोळी

आमच्या पुंडलिकनगरात नवा भाडेकरू आला की लोक त्याचं गाव विचारतात. समोरचे मल्हारभाऊ विचारतात, "फंडाला राखोळी किती देता?"

राखोळी म्हणजे दुसऱ्याची मेंढरं चारायची मजुरी. भाऊंचे वडील अजिंठ्याकडं लोकांची मेंढरं राखायचे. भाऊ स्वतः कारखान्यात मशीनवर उभे राहिले, पण म्युच्युअल फंडवाले वर्षाला जे शुल्क कापतात, त्याला त्यांच्या लेखी दुसरा शब्द नाही. "मेंढरं आपली, रान देवाचं. हा नुसता काठी टेकून उभा. त्याला दीड टक्का कशापायी?"

फंड निवडायची त्यांची रीतही घराण्याचीच. आधी फंड सांभाळणाऱ्याचा फोटो मोबाईलवर मोठा करून बघायचा. एकाला तिथंच बाद केलं. "लई गुळगुळीत हाय. उन्हात हिंडलेला दिसत नाय." गेल्या उन्हाळ्यात एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या मामाला शुल्क समजावून सांगायला घेतलं आणि मामांची पंगत हुकली.

मीही सुटलो नाही. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पण एजंटामार्फत घेतलेल्या फंडात राखोळी जास्त जाते आणि थेट घेतला की कमी, हे मला भाऊंनी दाखवलं. "गुरुजी, पोरांना शेकडेवारी शिकवता ना?" एवढंच म्हणाले. फार झोंबलं मला.

यंदा ते निवृत्त झाले. वहिनी मागेच गेल्या, लेक सासरी. पेन्शन नावापुरती, म्हणजे उरलेलं आयुष्य या फंडांवरच काढायचं. म्हणून एजंटांकडचे सगळे फंड थेट करून घ्यायचं ठरलं आणि मोबाईल माझ्या हातात आला. आठ दिवसांत सहा हलवले. सातवा सगळ्यांत मोठा, कापही त्याचाच सगळ्यांत जास्त. मी बटण दाबणार, तर भाऊ म्हणाले, "तो राहू द्या."

मला वाटलं, त्यांची नजरचूक झाली. मी कागद घेतला आणि पंधरा वर्षांत किती रक्कम हकनाक जाईल ते मांडून दाखवलं. त्यांनी मान डोलावली. "म्हाईत हाय. म्या बी काढलाय हिशोब."

"मग?"

"तो सायबरावचा हाय."

साहेबराव त्यांच्या शेजारच्या मशीनवर होते. कारखान्यानं ते मशीन बंद केलं तेव्हा ऐन पन्नाशीत एजंट झाले.

"त्यांना पैशाची अडचण आहे का?"

"नाय हो. पोरं कमावती हायेत. त्याची बाकीची गिऱ्हाइकं कवाच मोबाईलवर गेली. म्या एकटाच राह्यलोय. म्या बी काढून घेतलं, तर सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तो जाईल कुठं?"

मला माझ्या कागदाची लाज वाटली. मी तो घडी करून खिशात घातला.

तेवढ्यात साहेबरावच आले, काखेत बॅग. बसल्या बसल्या त्यांनी रंगीत पत्रक उघडलं आणि फंड म्हणजे काय, तो कोण सांभाळतो, त्याचं शुल्क का द्यावं लागतं, हे पहिल्यापासून समजावून सांगू लागले. मल्हारभाऊ गुडघ्यांवर हात ठेवून ऐकत होते. मधूनच "असं व्हय?" म्हणत होते.

पत्रक संपलं. साहेबराव उठायला लागले.

"बस की," भाऊ म्हणाले. "ते मधलं नीट समजलं नाय. पुन्यांदा सांग बरं."