नानांच्या घरचा पंखा

भर मे महिन्यात जळगावात कुणी पंख्याविना बसलेलं दिसलं, की लाइट गेली असं समजायचं. आमच्या शेजारच्या नानांकडे लाइट असते, पंखाही आहे. पण त्याच्या बटणावर नानांनी चिकटपट्टी मारून ठेवली आहे, आणि तिला हात लावणाऱ्याला त्या घरात चहा मिळत नाही.

नाना कॉलेजात भूशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाले ते नावापुरते. त्यांचा एक जुना विद्यार्थी किनाऱ्याकडे समुद्रावर संशोधन करतो. समुद्राच्या तळातून उपसलेला, धुऊन वाळवलेला गाळ तो डबीतून पाठवतो आणि नाना तो सूक्ष्मदर्शकाखाली निवडतात. त्यात हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या जिवांचे शंख असतात, खसखशीहून बारीक. कोणत्या जातीचे किती सापडले, त्यावरून तेव्हाचा समुद्र गार होता की उबदार, पाऊसकाळ जोराचा होता की बेताचा, हे ताडता येतं म्हणे. ओल्या कुंचल्याच्या टोकानं एकेक शंख उचलायचा. वारा लागला की सगळं मुसळ केरात. म्हणून पंखा नाही, कूलर नाही, आणि आमच्याकडे मिरचीची फोडणी पडली की नानांची खिडकी धाडकन बंद होते. एकदा मी त्यांच्या टेबलापाशी शिंकलो, तर दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत.

नानांचं वाक्य एकच, "पाच मिनिटं थांबा." जेवायला हाक मारा, फोन वाजू द्या, पाहुणा दारात ताटकळू द्या, उत्तर तेच. ही पाच मिनिटं मी घड्याळ लावून पाहिली आहेत. सव्वा तासाच्या आत कधी संपली नाहीत.

नानांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, ही पाच मिनिटं तीस वर्षं सोसली. सहा वर्षांपूर्वी आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, माहेरी बोदवडला गेल्या, त्या परत आल्याच नाहीत. मला फोनवर म्हणाल्या, "हजारो वर्षांआधी समुद्र किती गरम होता, हे कयते या मानसाले. घरातल्या बाईले किती उकडते, ते नाही कयत." मी हसलो आणि लगेच हसल्याची लाज वाटली. बोदवड गाडीनं तासाभरावर. नाना एकदाही गेले नाहीत. "हातातली डबी संपली की जातो," म्हणायचे, आणि तोवर दुसरी डबी यायची.

या मे महिन्यात काकूंचा पुन्हा फोन आला. रविवारी दुपारी भावाला घेऊन येणार होत्या, आपली पेटी न्यायला. लग्नात माहेराहून आलेली लोखंडी पेटी. ती गेली की काकू गेल्याच, एवढं मलाही कळत होतं. मी नानांना निरोप दिला. "तेवढं टेबल आवरून ठेवा." "हो हो," नाना म्हणाले. त्यांच्यापुढे नवी डबी होती. त्या थरातला गाळ होता तेवढा एवढाच, पुन्हा मिळणार नव्हता, आणि शंख सोमवारी पाठवायचे होते.

रविवारी मी मुद्दाम जाऊन बसलो. टेबल अर्थातच आवरलेलं नव्हतं. निवडलेले शंख काळ्या ताटलीत उघडे, आणि नाना डोळा लावून बसलेले. बाहेर रिक्षा थांबली. 

काकू दारात आल्या. चेहरा उन्हानं लाल, पदर घामानं ओला. मागे भाऊ. तो थेट आतल्या खोलीत गेला. काकूंनी आधी पंख्याकडे पाहिलं, मग नानांकडे.

"मले चक्कर येऊन राह्यली," त्या म्हणाल्या. "पंखा लावता का?"

नानांनी मान वर केली. शंख डबीत भरून झाकण लावायला खरोखरच पाच मिनिटं लागली असती. ते वाक्य आयुष्यात पहिल्यांदा खरं ठरलं असतं. मी मनात म्हणत होतो, नाना, आज ते वाक्य नका बोलू. काकूंचा भाऊ तर आतल्या खोलीतून पेटी उचलून घेऊन येतही होता.

नाना उठले. चिकटपट्टी वाळून घट्ट बसली होती, निघेना. त्यांनी ती नखांनी ओरबाडली आणि बटण दाबलं.

पंखा कण्हला, फिरला, आणि काकू गेल्यापासूनची सहा वर्षांची धूळ आम्हा चौघांच्या डोक्यावर आली. ताटली बघता बघता रिकामी झाली. नाना ताटलीकडे पाठ करून उभे होते. 

"बस आधी," ते काकूंना म्हणाले. "पाणी आणतो."

काकू पाणी प्याल्या. वारा घेत बसल्या.

"अक्का, गाडी चुकीन," भाऊ म्हणाला.

काकू रिकाम्या ताटलीकडे पाहत होत्या. मग उठल्या, आणि त्यांनीच पंखा बंद केला.

"पेटी ठेव रे खाली. आन् हालू नको तिथून, पायाखाली असतीन यांचे शंख."

त्या फरशीवरच बसल्या. पदराच्या काठावरून ओल्या बोटानं एक कण टिपला आणि नानांपुढे धरला.

"हा शंख हाये का धूळ? पाहून सांगा."

नानांनी चष्मा काढून पुसला. घातला, पुन्हा काढून पुसला. त्यांना काही दिसेना.

"पाच मिनिटं थांब," ते डोळे पुसत म्हणाले.

"थांबते," काकू म्हणाल्या, आणि बोट तसंच धरून बसल्या.